लाटेला सामोरी जाणारी होडी



१३ जानेवारी २०१८ रोजी, मकरसंक्रांतीच्या तोंडावर, डहाणूच्या किनाऱ्याजवळ विद्यार्थ्यांना घेऊन निघालेली एक होडी उलटली. होडीत सुमारे चाळीस मुलेमुली होती. मदतीस धावलेल्या मच्छीमारांनी आणि सुरक्षा यंत्रणांनी बहुतेकांचे प्राण वाचविले; परंतु तीन विद्यार्थिनी परत आल्या नाहीत. तो ऐन हिवाळा होता, पावसाळी समुद्र नव्हे. होडीत माणसे प्रमाणाबाहेर होती, अंगावर जीवरक्षक जाकिटे नव्हती आणि छायाचित्रे काढण्यासाठी मुले एका बाजूस सरकली तेव्हा होडीचा तोल गेला, असे त्या वेळच्या वृत्तांत नमूद आहे.

लहान होडी केवळ लाटेच्या उंचीमुळे बुडत नाही, ही गोष्ट या दुर्घटनेने पुन्हा एकदा दाखवून दिली. लाट होडीच्या कोणत्या अंगावर येते, होडीचा वेग किती आहे आणि तिच्यातील भार कोठे व कसा आहे, या तीन गोष्टींवर होडीचे भवितव्य ठरते. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी तांडेलाच्या हाती असतात. तिसरी मात्र बव्हंशी होडी किनारा सोडण्यापूर्वीच ठरून गेलेली असते. म्हणूनच हा विषय केवळ खलाशांचा नाही. तो गावाचा, शाळेचा आणि पंचायतीचाही आहे.

पालघरचा किनारा आणि त्याचे पाणी

सातपाटी, मुरबे, नांदगाव, नवापूर, दांडी, तारापूर, चिंचणी, वरोर, वाढवण, डहाणू ही या किनाऱ्यावरील गावे. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीपासून आणि १९६९ पासून वीज देणाऱ्या तारापूर अणुविद्युत केंद्रापासून ती फार दूर नाहीत. तथापि येथील असंख्य कुटुंबांची चूल आजही समुद्रावर पेटते. सातपाटीच्या रुंद बांध्याच्या, सरळ कण्याच्या यांत्रिक नौकांनी नौकाबांधणीच्या अभ्यासात आपल्या गावाचे नाव रूढ केले आहे. त्या मोठ्या नौकांबरोबरच खाडीच्या मुखाशी आणि किनाऱ्यालगत मासेमारी करणाऱ्या लहान होड्याही मोठ्या संख्येने आहेत. दक्षिणेकडे अर्नाळा किल्ला या बेटावरील ग्रामस्थांना तर मुख्य भूमीवर येण्यासाठी पिढ्यानपिढ्या होडीचाच आधार राहिला आहे.

मुंबईहून उत्तरेस खंभातच्या आखाताकडे जावे तसा भरती-ओहोटीतील फरक वाढत जातो. उधाणाच्या दिवसांत तो या किनाऱ्यावर पाच मीटरच्या आसपास जातो. भरती किंवा ओहोटीच्या सुमारे सहा तासांपैकी मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मे पाणी सरते; साहजिकच त्या वेळी खाडीच्या मुखातून पाण्याला जबर ओढ असते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीच्या सुमारास भांग, हे कोळी बांधवांना सांगावे लागत नाही. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीच्या तासाचा अंदाज येतो, हा जुना हिशेबही प्रसिद्ध आहे: चतुर्थीला सुमारे तीन वाजता, अष्टमीला सुमारे सहा वाजता. शिक्षकांनी हे गणित वर्गात अवश्य करून घ्यावे. मात्र तो अंदाज आहे, वेळापत्रक नव्हे. प्रत्यक्ष निघताना भरतीचे छापील कोष्टक पाहणेच योग्य.

समोरून येणारी लाट

होडी सर्वांत दुबळी असते ती लाटेला आडवी असताना. होडीच्या लांबीच्या एक तृतीयांश उंचीची फुटती लाट बाजूवर आदळली तरी होडी उलटण्याचा धोका निर्माण होतो. म्हणजे सहा मीटर लांबीच्या होडीला दोन मीटरची फुटती लाट पुरेशी आहे. तीच लाट होडीने पुढच्या टोकावर घेतली, तर होडी बहुधा तिच्यावर चढून पलीकडे उतरते.

म्हणून मोठी लाट दिसताच तांडेलाने वेग कमी करावा आणि होडीचे तोंड लाटेकडे वळवावे. अगदी सरळ शिरण्यापेक्षा किंचित तिरके, सुमारे तीस ते पंचेचाळीस अंशांचा कोन ठेवून जाणे बरे. सरळ व वेगाने गेलेली होडी लाटेच्या माथ्यावरून पलीकडच्या दरीत आपटते. तिच्या फळ्या खिळखिळ्या होतात आणि माणसे फेकली जातात. वेग कमी करावा, परंतु यंत्र बंद करू नये. पाणी मागे सरत नसेल तर सुकाणू चालत नाही आणि सुकाणू न चालणारी होडी आपोआप लाटेला आडवी होते.

यंत्र बंद पडलेच, तर पुढच्या टोकाकडून पाण्यात ओढ निर्माण करणारी वस्तू सोडावी. तळ लागत असेल तेथे नांगर, खोल पाण्यात लांब दोराला बांधलेली टोपली, कापडी पिशवी किंवा जाळ्याचा जुडगा. जाळे पाण्यात सोडून रात्र काढणाऱ्या नौकेचे तोंड लाटेकडे राहते, त्यामागेही हेच तत्त्व आहे. असा दोर पिछाडीला बांधणे मात्र धोक्याचे आहे. उघड्या होडीची पिछाडी सखल असते. लाट थेट आत येते.

पाठीमागून येणारी लाट

परतीच्या वाटेवर लाट पाठीमागून येते आणि होडी सुखाने पुढे जात आहे असे वाटते. हे सुख फसवे असते. लाटेच्या उतारावर होडीचा वेग एकाएकी वाढतो, पुढचे टोक पाण्यात रुतते, पिछाडी वर उचलली जाते आणि होडी गर्रकन आडवी फिरते. पुढचीच लाट मग तिला पालथी करते. यावर उपाय एकच: एका लाटेच्या पाठीवर राहून तिच्याच चालीने जावे, माथा ओलांडून तिच्या पुढे धावू नये आणि मागच्या लाटेला गाठूही देऊ नये. भार पुढे असेल तर तो थोडा मागे आणावा, म्हणजे पुढचे टोक हलके राहते.

खाडीचे मुख

या किनाऱ्यावर खरी कसोटी लागते ती खोल समुद्रात नव्हे, तर घर दिसू लागल्यावर. सातपाटी-मुरबे खाडीच्या मुखाशी साचणारा गाळ आणि त्यामुळे भरतीची वाट पाहत थांबणाऱ्या नौका हे दृश्य परिचित आहे. पाणी उथळ झाले की लाटेचा पाय तळाला लागतो, तिची चाल मंदावते, उंची वाढते आणि ती फुटते. साधारणपणे दीड मीटर उंचीची लाट दोन मीटर पाण्यात फुटू लागते. त्यात ओहोटीचे पाणी बाहेर धावत असेल आणि समोरून समुद्राची लाट येत असेल, तर लाट आखूड व उभी होते. बाहेर साधी वाटणारी लाट मुखाशी भिंतीसारखी उभी राहते.

सबब, जोराच्या ओहोटीत मुख ओलांडू नये. भरतीच्या उत्तरार्धात किंवा पूर्ण भरतीला आत यावे. मुखाबाहेर दहा-पंधरा मिनिटे थांबून लाटा पाहाव्यात. मोठ्या लाटा सहसा गटाने येतात आणि त्यानंतर थोडी शांतता मिळते. त्या अवधीत न कचरता पार व्हावे. मध्येच माघार घेण्यासाठी होडी वळविणे म्हणजे ती लाटेला आडवी करणे होय.

जहाजाने उठविलेली लाट

वाऱ्याची लाट पूर्वसूचना देते. जहाजामागून येणारी लाट देत नाही. जहाज पुढे निघून जाते, पाणी स्वच्छ दिसते आणि काही मिनिटांनी आठ-दहा लाटांची रांग होडीपर्यंत येते. उथळ पाण्यात ती आणखी उभी होते. अरुंद खाडीत मोठी नौका जवळून गेल्यास काठाचे पाणी आधी ओसरते आणि मग उसळते. त्या वेळी काठाशी बांधलेल्या होडीत चढणाऱ्या-उतरणाऱ्या माणसांना मोठा धोका असतो. जहाज गेले म्हणजे धोका गेला, असे मानू नये. जाळे ओढणे क्षणभर थांबवून, सर्वांना खाली बसवून, होडीचे तोंड त्या लाटांकडे तिरके वळवावे आणि रांग पूर्ण जाऊ द्यावी.

वेगवान नौका चालविणाऱ्यांचेही कर्तव्य आहे. वेग अर्धवट कमी केल्याने पाठीमागची लाट पुष्कळदा मोठीच होते. लहान होड्यांजवळून जाताना वेग पुरेसा उतरविला पाहिजे. शिवाय बाहेरून बसविलेल्या यंत्राच्या फायबर होडीने एकदम वेग तोडला, तर तिची स्वतःचीच लाट पिछाडीवरून आत शिरते. वेग हळूहळू कमी करावा.

या मुद्द्याला येथे विशेष महत्त्व आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी पालघर येथे झाली. या बंदराला मच्छीमार समाजाचा असलेला विरोध आणि त्यामागील चिंता सर्वश्रुत आहे. परंतु बांधकामाच्या नौका आणि पुढे मोठी मालवाहू जहाजे ज्या पाण्यात येतील, त्या पाण्यातील लहान होडीची सुरक्षितता हा प्रश्न त्या वादाच्या निकालापर्यंत थांबू शकत नाही. जहाजांचे मार्ग, वेगमर्यादा आणि जाळी टाकण्याची ठिकाणे यांविषयी गावांना वेळीच व मराठीतून माहिती मिळणे आवश्यक आहे.

भार, माणसे आणि आत शिरलेले पाणी

माणूस उभा राहिला की होडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो. दहा माणसे एकाच बाजूस गेली की तो बाजूला सरकतो. होडीत साचलेले पाणी तर शत्रूच होय, कारण होडी ज्या बाजूस कलते त्याच बाजूस ते धावते आणि कल वाढविते. बांधून न ठेवलेली मासळी व बर्फ यांचेही तसेच. म्हणून जड वस्तू तळाशी, मध्यभागी व बांधून ठेवाव्यात. पाणी साचू न देता उपसत राहावे. माणसांनी बसून राहावे. लाट आली असता घाबरून एका बाजूस धाव घेणे हे लाटेपेक्षा घातक ठरते.

होडी उलटलीच, तर तिला धरून राहावे. किनारा जवळ भासतो, पण ओहोटीच्या ओढीपुढे चांगला पोहणाराही थकतो. उलटी होडी शोधपथकाला दुरून दिसते, एकटे डोके दिसत नाही. जाकीट होडीत ठेवून उपयोग नाही. पाण्यात पडल्यावर ते चढविता येत नाही.

किनाऱ्यावर करावयाचे काम

भारतीय हवामान विभाग वाऱ्याचे आणि हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र लाटांचे इशारे देते. त्यात दिलेली उंची ही सर्वांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते, हे ध्यानात ठेवावे. दोन मीटरचा अंदाज असेल तर एखादी लाट जवळजवळ चार मीटरचीही येऊ शकते. १ जून ते ३१ जुलै या काळातील मासेमारी बंदीतून बिगर-यांत्रिक पारंपरिक होड्या वगळलेल्या असतात. म्हणजे सर्वांत खवळलेल्या समुद्रात सर्वांत लहान होडीला कायदा अडवीत नाही. तेथे गावाचा विवेकच कामास यावा लागतो.

पालघर येथील त्याच कार्यक्रमात एक लक्ष यांत्रिक व मोटर बसविलेल्या मासेमारी नौकांवर ट्रान्सपाँडर बसविण्याच्या देशव्यापी योजनेचा आरंभ झाला. उपग्रहामार्फत संदेश देणारे हे साधन संकटात मोलाचे आहे. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांकही प्रत्येक घरी ठाऊक असावा. परंतु साधन हाक पोहोचविते. होडी सरळ करीत नाही.

ग्रामपंचायतीने धक्क्यावर एक फलक लावावा. त्यावर त्या दिवसाची भरती-ओहोटी, हवामानाचा इशारा आणि प्रत्येक प्रवासी होडीची परवान्यातील क्षमता ठळक अक्षरांत असावी. होडीत कोण गेले व केव्हा परतणार, याची नोंद किनाऱ्यावर राहावी. पंचायतीकडे सामायिक जाकिटांचा साठा असावा आणि त्यात मुलांच्या मापाची जाकिटे असावीत. शाळेने सहल नेताना परवाना पाहावा, मुले मोजावी, प्रत्येकाच्या अंगावर जाकीट चढविल्यावरच होडीत पाऊल टाकू द्यावे आणि बसल्या जागेवरून उठावयाचे नाही, हे निघण्यापूर्वी शिकवावे. संख्या अधिक होत असेल तर दोन फेऱ्या कराव्यात. उशीर होईल, एवढेच.

अनुभवी तांडेल निघण्यापूर्वी क्षणभर उभा राहून पाणी पाहतो आणि कधीकधी होडी पुन्हा वर ओढून ठेवतो. त्या दिवसाची कमाई बुडते. पण त्याला कोणी भित्रा म्हणत नाही. गावकऱ्यांनी, शिक्षकांनी आणि अधिकाऱ्यांनी त्याच्यापाशी शिकावयाचे ते हेच. डहाणूच्या त्या तीन मुलींना लाटेवर होडी कशी न्यावी, हे ठाऊक असण्याची गरज नव्हती. होडीत किती जणांनी बसावे आणि अंगावर काय असावे, हे किनाऱ्यावरील मोठ्या माणसांनी ठरविण्याची गरज होती.