परक्या मैदानावरचा एक गुण

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



फुटबॉलचा गोल मुंबईत असो की कोलकात्यात, त्याची रुंदी २४ फूट आणि उंची ८ फूट. दोन्हीकडे अकराच खेळाडू, दोन्हीकडे नव्वदच मिनिटं. कुठेही जा, पळसाला पानं तीनच. मग घरच्या मैदानावर वाघासारखा खेळणारा संघ बाहेर गेला की त्याची शेळी का होते? आणि नेमकं प्लेऑफ तोंडावर आले असताना हा प्रश्न जास्तच का छळतो? आज या विषयावर तुमच्याशी थोडं बोलायचं आहे.

मी काही मोठा खेळाडू नाही. शाळा-कॉलेजच्या आणि जिल्हा पातळीवरच्या सामन्यांत बरीच वर्षं पंच म्हणून शिट्टी वाजवली, एवढीच माझी या खेळातली नोकरी. त्यामुळे मैदानाच्या मधोमध उभं राहून प्रेक्षकांचा आवाज कानावर कसा आदळतो, ते मला ठाऊक आहे. उदाहरण मात्र घेणार आहे ते आपल्या मुंबई सिटी एफसीचं. कारण २०२४ आणि २०२५ या लागोपाठ दोन वर्षांत या संघाच्या वाट्याला जे आलं, ते कुणी गोष्टीत लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं, हे जरा जास्तच जमवून आणलंय!

१५ एप्रिल २०२४. कोलकात्याचं सॉल्ट लेकचं मैदान. इंडियन सुपर लीगच्या साखळीतला शेवटचा सामना. मुंबईचे ४७ गुण, मोहन बागानचे ४५. साखळीत पहिल्या येणाऱ्या संघाला लीग शील्ड मिळायची होती आणि त्यासाठी मुंबईला नुसती बरोबरी पुरेशी होती. समोर साठ हजारांवर प्रेक्षक. पूर्वार्धात लिस्टन कुलासोने गोल केला, उत्तरार्धात जेसन कमिंग्जने दुसरा. अगदी शेवटी छांगटेने एक गोल फेडला, पण उशीर झाला होता. मुंबई १-२ अशी हरली आणि एका गुणाने शील्ड गेली.

त्यानंतर नऊच दिवसांनी उपांत्य फेरीचा पहिला सामना मडगावला, फातोर्ड्याच्या मैदानावर. पुन्हा परकं मैदान. घड्याळात नव्वदावं मिनिट लागत होतं आणि गोवा २-० ने पुढे होता. गोव्याच्या प्रेक्षकांनी विजय धरूनच ठेवला होता. आणि मग सहा-सात मिनिटांत मुंबईने तीन गोल केले! दोन छांगटेचे, एक विक्रम प्रताप सिंगचा. ३-२. पुढे मुंबईतला परतीचा सामनाही २-० असा जिंकून संघ अंतिम फेरीत पोहोचला. अंतिम सामना कुठे? पुन्हा सॉल्ट लेकवर, पुन्हा मोहन बागानशी.

४ मे २०२४. तेच मैदान, तोच प्रतिस्पर्धी, पुन्हा साठ हजारांवर प्रेक्षक. मध्यंतराच्या आधी कमिंग्जनेच गोल करून बागानला आघाडी दिली. आता पुन्हा तेच होणार, असं कुणालाही वाटलं असतं. पण उत्तरार्धात पेरेरा डियाझ, बिपिन सिंग आणि अगदी अखेरीस याकुब वॉयटुस यांनी गोल केले, आणि मुंबईने ३-१ असा चषक जिंकला. ज्या मैदानावर शील्ड गमावली, त्याच मैदानावर एकोणीस दिवसांनी चषक उचलला.

आता पुढचं वर्ष पाहा. ११ मार्च २०२५, बंगळुरूचं कंठीरवा मैदान. प्लेऑफमधली शेवटची, म्हणजे सहावी जागा मिळवायला मुंबईला एक गुण हवा होता. साखळीतला शेवटचा सामना, परकं मैदान आणि बरोबरी पुरेशी. सगळं अगदी आदल्या वर्षासारखं. या वेळी मुंबई २-० अशी जिंकली. आणि अठरा दिवसांनी, २९ मार्चला, त्याच मैदानावर, त्याच बंगळुरूविरुद्ध बाद फेरीचा सामना झाला. निकाल? बंगळुरू ५, मुंबई शून्य.

म्हणजे पाहा, कोलकात्यात आधी हार, मग जीत. बंगळुरूत आधी जीत, मग हार. मैदान तेच, प्रेक्षक तेच, प्रतिस्पर्धी तोच. मग परकं मैदान म्हणून जे आपण म्हणतो, त्याचा वाटा यात नेमका किती?

तो वाटा आहे, आणि तो मोजताही येतो. कोरोनाच्या काळाने या बाबतीत सगळ्या जगाला एक प्रयोगच करून दाखवला. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये एका मोसमात ३८० सामने होतात. २०१८-१९ च्या मोसमात त्यातले १८१ यजमान संघांनी जिंकले, पाहुण्यांनी १२८. २०२०-२१ मध्ये बहुतेक सामने रिकाम्या मैदानावर झाले. तेव्हा यजमानांचे विजय १४४, आणि पाहुण्यांचे १५३! इंग्लंडच्या सर्वोच्च साखळीत पाहुण्यांनी यजमानांपेक्षा जास्त सामने जिंकल्याचं त्याआधी कधी घडलं नव्हतं. प्रवास तितकाच होता, मैदानं तीच होती, घरच्या खेळाडूंना आपल्या घरची झोपही मिळत होती. प्रामुख्याने बदलला तो एकच घटक, प्रेक्षक.

आता प्रेक्षक काही गोल करत नाहीत. मग ते करतात तरी काय? इथे मला माझ्या शिट्टीकडे यावं लागेल. इंग्लंडमधल्या काही अभ्यासकांनी २००२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लिव्हरपूल आणि लेस्टर सिटी यांच्या सामन्यातले ४७ प्रसंग त्यांनी ४० पंचांना चित्रफितीवर दाखवले. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह, काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्या पंचांनी यजमान संघाविरुद्ध सुमारे १५ टक्के कमी फाउल दिले. यातली गोम लक्षात घ्या. गर्दीच्या आवाजाने पाहुण्यांवर मुद्दाम अन्याय झाला असं फारसं दिसलं नाही. यजमानांना सूट मिळाली.

मला यात नवल वाटलं नाही. पंच म्हणून उभं राहिलं की डोळ्यांना जे अर्धवट दिसतं, ते कान पूर्ण करतात. दोन खेळाडू एकमेकांवर आदळले, पाय कुणाचा आधी लागला ते नीट दिसलं नाही, आणि त्याच क्षणी हजार माणसं एका सुरात ओरडली, तर तो ओरडा म्हणजे साक्षीदाराची जबानी वाटू लागते. म्हणून आम्हा पंचांना शिकवताना सांगत, निर्णय आधी डोळ्यांनी घ्या, आवाज मागाहून ऐका. सांगायला सोपं आहे. पण शिट्टी वाजवायला मिळतो तो एखादा सेकंद.

प्रवासाचाही वाटा आहेच. आपला देश इंग्लंडएवढा नाही. मुंबईहून कोलकाता विमानाच्या वाटेनेही सोळाशे किलोमीटरच्या आसपास. एका आठवड्यात गुवाहाटी, पुढच्या आठवड्यात कोची, मग बंगळुरू समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांवर. हवा बदलते, पाणी बदलतं, जेवणाच्या वेळा बदलतात. आणि मुंबईच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. अंधेरीचं त्यांचं घरचं मैदान जेमतेम सात हजारांचं. सॉल्ट लेकला त्याच्या कितीतरी पट माणसं बसतात. घरी ज्या संघाला सात हजारांची सवय, त्याने साठ हजारांसमोर जाऊन पहिली दहा मिनिटं आपल्याच खेळाडूची हाक ऐकू न येता काढायची!

हे सगळं खरं. पण श्रोतेहो, हा वाटा सगळ्या मोसमाच्या हिशेबात दिसतो. शेकडो सामन्यांची बेरीज केली की यजमानांचं पारडं जड भरतं. एका दिवसाच्या एका सामन्यात त्याला ब्रह्मलिखित मानणं चूक आहे. तसं असतं तर फातोर्ड्याचे ते तीन गोल झालेच नसते. उलटही उदाहरण आहे. २०२२-२३ मध्ये मुंबईने लीग शील्ड जिंकली, तीही ११ फेब्रुवारी २०२३ ला गोव्यात, परक्या मैदानावर, ५-३ अशी. आणि पुढे उपांत्य फेरीत? बंगळुरूकडून मुंबईतच ०-१ हरले, बंगळुरूत जाऊन २-१ जिंकले आणि पेनल्टी शूटआउटमध्ये ८-९ असे बाहेर पडले. घरच्या मैदानावर गेलेला तो एक गोल त्यांना नडला.

तेव्हा प्लेऑफच्या तोंडावर परक्या मैदानाच्या नावाने बोटं मोडण्यात अर्थ नाही. मग अर्थ कशात आहे? माझ्या मते, गुणतक्त्यात.

२०२४-२५ च्या नियमानुसार पहिले दोन संघ थेट उपांत्य फेरीत जात. तिसऱ्या ते सहाव्या क्रमांकाच्या संघांना एकेक बाद सामना खेळावा लागे, आणि तो वरच्या क्रमांकाच्या संघाच्या मैदानावर होई. आता तो तक्ता पाहा. बंगळुरू तिसरे, ३८ गुण. नॉर्थईस्ट युनायटेड चौथे, ३८. जमशेदपूर पाचवे, ३८. मुंबई सहावी, ३६. तिसऱ्या आणि सहाव्या क्रमांकांत फक्त दोन गुणांचं अंतर! आणि मुंबईचे २४ पैकी नऊ सामने बरोबरीत सुटले होते. फुटबॉलमध्ये विजयाला तीन गुण, बरोबरीला एक. त्या नऊ बरोबऱ्यांपैकी दोनच विजयात बदलल्या असत्या, तर मुंबईचे ४० गुण होऊन ती तिसरी आली असती, आणि २९ मार्चचा सामना कंठीरवावर न होता अंधेरीत झाला असता. निकाल काय लागला असता, ते मी सांगत नाही. ०-५ चा पराभव नुसत्या गर्दीने होत नाही. त्या रात्री बंगळुरू सगळ्याच बाबतींत सरस होते. शिवाय आदल्या वर्षी कोलकात्यात मुंबईसाठी गोल करणारा पेरेरा डियाझ तोवर बंगळुरूच्या संघात गेला होता. संघ बदलतात, माणसं बदलतात. पण सामना कुठे खेळायचा, हे ठरवण्याची संधी मुंबईच्या हातात अनेक महिने होती.

आपण प्लेऑफच्या आठवड्यात म्हणतो, अरेरे, बाहेर खेळावं लागतंय. पण बाहेर खेळावं लागणं हे हिवाळ्यातच ठरत आलेलं असतं. डिसेंबरमधल्या एखाद्या कंटाळवाण्या संध्याकाळी, दूरच्या गावी, १-१ अशी बरोबरी झाली की प्रशिक्षक म्हणतात, परक्या मैदानावरचा एक गुण, वाईट नाही. खेळाडू थकलेले असतात, पाठीराखे टीव्ही बंद करून जेवायला बसतात. कुणालाच त्यात काही गमावल्यासारखं वाटत नाही. थेंबे थेंबे तळे साचे हे जसं खरं, तसं थेंबाथेंबाने गळलेलंही मोजायला हवं. ते मार्चमध्ये एकदम दिसतं, आणि तेव्हा धावपळ म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं.

ही गोष्ट मुंबई सिटीपुरती नाही, म्हणून तुम्हाला सांगतो आहे. आपल्या जिल्ह्यांतून मुलामुलींचे संघ दुसऱ्या गावी खेळायला जातात. रात्रभर एसटीत बसून सकाळी थेट मैदानावर उतरतात. जाताना त्यांना निरोप काय मिळतो? "बाहेर जाताय, हरू नका म्हणजे झालं." हा निरोप मी शेकडो वेळा ऐकला आहे, आणि त्याचा परिणाम मैदानाच्या मधोमध उभं राहून पाहिला आहे. सगळा संघ आपल्याच गोलासमोर गोळा होतो. चेंडू आला की लांब फेकायचा आणि घड्याळाकडे बघायचं. खेळ सतत यांच्याच पेनल्टी क्षेत्राजवळ राहिला की टकरीही तिथेच होतात, प्रेक्षकांचा ओरडाही तिथेच होतो, आणि पंचाला संशयाचे निर्णयही तिथेच द्यावे लागतात. आवाजाचा जो फायदा यजमानांना थोडासा मिळायचा, तो पाहुणे स्वतःच दुप्पट करून देतात. त्यावर उपाय एकच, चेंडू आणि खेळ समोरच्याच्या अर्ध्यात न्यायचा. तिथे टक्कर झाली, तर पंच चुकला तरी फार बिघडत नाही.

मुलांना पाठवणाऱ्या शिक्षकांना आणि पालकांना म्हणून माझी विनंती आहे. रात्रीचा प्रवास टाळता आला तर टाळा, एक दिवस आधी पोहोचवा, मैदानावर मुलांना अनवाणी एक फेरी मारू द्या. मैदान पायाला कळलं की अर्धं परकेपण जातं. आणि निरोप द्यायचाच असेल, तर जिंकण्यासाठी खेळा, एवढाच द्या.

पुढच्या मोसमात तुम्ही आपल्या आवडत्या संघाचा गुणतक्ता बघाल, तेव्हा विजय आणि पराभव यांच्या मधल्या रकान्यावर जरा जास्त वेळ नजर ठेवा. तो बरोबरीचा रकाना. प्लेऑफमध्ये कुणाला कुठल्या गावी जावं लागणार, याचा पत्ता बहुतेक वेळा तिथेच लिहिलेला असतो.