काळ्या विणीचा रंग

स्पर्धेच्या मोटारींच्या लघुप्रतिकृती तयार करणाऱ्यांमध्ये कार्बन फायबरचा भाग रंगवणे ही हाताची कसोटी मानली जाते, आणि या कसोटीत बहुतेक प्रतिकृती कौशल्याच्या अतिरेकापायी फसतात. वीण इतकी ठसठशीत उमटवलेली असते की मोटारीच्या मागील पंखावर कोणी बुद्धिबळाचा पट चिकटवला आहे असे वाटावे. ही चूक का होते हे समजण्यासाठी ब्रश आणि रंगाच्या बाटल्या थोडा वेळ बाजूला ठेवून मूळ वस्तूकडे पाहणे आवश्यक आहे.

कार्बन फायबरचा एकेक तंतू सुमारे ७ मायक्रॉन जाडीचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतका असतो. असे तीन हजार तंतू शेजारी शेजारी ठेवून जी चपटी पट्टी होते, तिला या व्यवसायात ‘टो’ म्हणतात आणि तिच्यापासून विणलेल्या कापडाला ‘३के’ असे नाव आहे. या कापडात एका पट्टीची रुंदी सुमारे २ मिलिमीटर भरते. मोटारींवर बहुधा आढळणारी वीण ‘ट्विल’ जातीची असते. तिच्यात बाण्याची पट्टी ताण्याच्या दोन पट्ट्यांवरून आणि पुढच्या दोन पट्ट्यांखालून जाते, आणि पुढच्या ओळीत हीच चाल एका पट्टीने सरकत असल्यामुळे कापडावर तिरप्या रेघा उमटतात. जीन्सच्या कापडावर दिसणाऱ्या तिरप्या रेघा याच जातीच्या विणीच्या असतात. हे कापड इपॉक्सी रेझिनमध्ये भिजवून साच्यात बसवले जाते आणि ऑटोक्लेव्ह नावाच्या दाबभट्टीत घट्ट केले जाते.

फॉर्म्युला वन स्पर्धेत संपूर्ण सांगाडा कार्बन फायबरचा असलेली पहिली मोटार १९८१ साली धावली. ती मॅक्लारेनची एमपी४/१ होती, तिचे रचनाकार जॉन बार्नार्ड होते आणि सांगाड्याचे काम अमेरिकेतील युटा राज्यात हर्क्युलिस या कंपनीने केले होते. त्याच वर्षी मॉन्झाच्या शर्यतीत या मोटारीला भीषण अपघात झाला, इंजिन सांगाड्यापासून तुटून वेगळे झाले आणि चालक जॉन वॉटसन मात्र सुखरूप बाहेर आला. त्यानंतर या पदार्थाबद्दलच्या शंका फारशा उरल्या नाहीत. तथापि त्या मोटारीचे बाह्यांग लाल-पांढऱ्या रंगाखाली झाकलेले होते. वीण उघडी ठेवून मिरवण्याची रीत पुढच्या काळातली आहे.

ही उघडी वीण डोळ्याला दिसते ती कशामुळे, हा खरा कळीचा प्रश्न आहे, कारण ताणा आणि बाणा या दोहोंचा रंग एकच, काळा असतो. तंतू गोल आणि गुळगुळीत असल्यामुळे त्यांच्यावर आडवा पडणारा प्रकाश डोळ्याकडे परततो आणि लांबीच्या दिशेने येणारा प्रकाश पुढे निसटून जातो, त्यामुळे एका दिशेच्या पट्ट्या उजळ आणि दुसऱ्या दिशेच्या काळ्याकुट्ट भासतात. पाहणाऱ्याने मोटारीभोवती पाव फेरी मारली, की उजळ पट्ट्या काळवंडतात आणि काळ्या उजळतात. रंगाने काढलेल्या विणीला हे साधत नाही, कारण करडा ठिपका कोणत्याही बाजूने पाहिला तरी करडाच राहतो. म्हणजे रंगवलेली वीण ही एका क्षणाच्या प्रकाशाचे चित्र असते, आणि चित्र जितके भडक तितके त्याचे खोटेपण लवकर उघडे पडते.

दुसरी अडचण प्रमाणाची आहे. १:२४ या प्रमाणात २ मिलिमीटरची पट्टी ०.०८ मिलिमीटरची होते, १:२० मध्ये ०.१ आणि १:१२ मध्ये ०.१७ मिलिमीटरची. निरोगी डोळा ३० सेंटिमीटर अंतरावरून सुमारे ०.०९ मिलिमीटरपर्यंतचाच बारकावा वेगळा ओळखू शकतो. १:२४ ची प्रतिकृती ३० सेंटिमीटरवरून न्याहाळणे म्हणजे खरी मोटार सव्वासात मीटरवरून न्याहाळण्यासारखे आहे, आणि तेवढ्या अंतरावरून खऱ्या मोटारीची वीणही जेमतेम जाणवते. या हिशेबाने पाहता १:२४ वर नेमक्या मापाची वीण काढण्याचा प्रयत्न केला तर ती दिसणारच नाही, आणि ती दिसावी म्हणून मोठी केली तर माप चुकेल. या दोन्हींच्या मधली वाट शोधणे हेच रंगवणाऱ्याचे काम आहे.

प्रचलित पद्धत अशी की सुटा भाग प्रथम चकचकीत काळ्या रंगाने रंगवून पूर्ण वाळवावा, त्यावर बारीक जाळी घट्ट ताणून बसवावी आणि तिच्यावरून एअरब्रशने दुसऱ्या रंगाचा विरळ फवारा द्यावा. जाळीची निवड मात्र विचारपूर्वक व्हावी. मच्छरदाणीच्या किंवा ओढणीच्या नेटची छिद्रे बहुधा षट्कोनी असतात, त्यामुळे उमटते ते मधमाश्यांचे पोळे, वीण नव्हे. नायलॉनच्या पायमोज्याचे कापड वळणदार भागावर सहज बसते खरे, पण ते ताणले जाते तसतशी छिद्रे वाकडी होतात. अशा जाळीचे छिद्र अर्धा मिलिमीटर धरले, तर १:२४ च्या हिशेबात ते मूळ मोटारीवर १२ मिलिमीटरचे, म्हणजे खऱ्या पट्टीच्या सहापट ठरते. यापेक्षा लग्नपत्रिका आणि टी-शर्ट छापणाऱ्या स्क्रीन प्रिंटिंगवाल्यांकडील जाळी अधिक उपयोगी आहे, कारण तिची छिद्रे चौकोनी असतात. सेंटिमीटरला साठ धाग्यांच्या आसपासची जाळी १:१२ च्या प्रतिकृतीला मापाने जवळजवळ तंतोतंत बसते, आणि ती ४५ अंशांत तिरपी ठेवली की ट्विलच्या तिरप्या रेघांचा भास होतो. मात्र ही जाळी ताणली जात नाही, त्यामुळे ती पंख किंवा तळपट्टी अशा सपाट भागांपुरतीच ठेवावी.

फवाऱ्याचा रंग साधा करडा नसावा. टामिया या जपानी कंपनीचा ‘गन मेटल’ हा एक्स-१० क्रमांकाचा धातुरंग काळ्यात मिसळून, भरपूर थिनर घालून आणि हवेचा दाब साधारण १५ पीएसआयच्या आत ठेवून वापरला, तर परिणाम बराच सच्चा दिसतो. कारण असे की धातुरंगातील बारीक पापुद्रे प्रकाशाच्या कोनाप्रमाणे चमकतात किंवा मिटतात, आणि भाग हातात फिरवला असता वीण कधी उमटते, कधी विरते. खऱ्या कार्बनच्या लहरी स्वभावाच्या जवळ जाणारी एवढीच एक गोष्ट रंगात आहे. रंग दाट राहिला तर छिद्रे बुजतात आणि जाळी उचलताना कडेला ओघळ राहतो. जाळी सरळ वर उचलावी; ती बाजूला घसरली की संपूर्ण भाग पुन्हा काळा करण्यावाचून गत्यंतर नसते. यानंतर ‘स्मोक’ नावाच्या एक्स-१९ या पारदर्शक काळपट रंगाचे एक-दोन हलके थर द्यावेत. त्यांनी विणीतील उजळपणा दबतो आणि रेझिनखाली कापड बुडालेले असावे तशी खोली येते. शेवटी पारदर्शक लॅकर. परीक्षा सोपी आहे: भाग हात लांब करून धरला असता वीण दिसेनाशी व्हावी आणि जवळ आणून तिरपा केला असता पुन्हा जाणवावी.

जाळीऐवजी छापील विणीचे डिकॅल, म्हणजे पाण्यात भिजवून कागदावरून सरकवण्याचे पातळ पापुद्रे, वापरण्याची पद्धत आज अधिक रूढ आहे. त्यांत ट्विलची वीण खरोखर ट्विलसारखी छापलेली असते. दुहेरी वळणाच्या भागावर त्यांना चुण्या पडतात, तेव्हा शिंपी करतो तशी आधी मास्किंग टेपने मापे घेऊन तुकडे बेतावेत, वळणावर डिकॅल मऊ करणारे द्रावण लावावे आणि गरज पडल्यास हेअर ड्रायरची हलकी ऊब द्यावी. त्यांवर लॅकरचा पहिला थर भुरभुरता द्यावा, कारण एकदम ओला थर दिल्यास त्यातील थिनर डिकॅल आकसवतो. इटलीतील पगानी या कंपनीच्या मोटारींवर डावी आणि उजवी वीण बॉनेटच्या मध्यरेषेवर येऊन आरशातील प्रतिबिंबासारखी जुळते. अशा मोटारीची प्रतिकृती करणाऱ्याने एकच सलग डिकॅल पसरला, तर मूळ कारागिरांची सर्वांत अभिमानाची जागाच पुसली जाते.

आणि सर्वच कार्बन विणलेला नसतो. लॅम्बोर्गिनीच्या २०१० सालच्या सेस्टो एलेमेंटो या मोटारीत तुकडे केलेले तंतू साच्यात दाबून बनवलेले भाग होते. त्यांवर संगमरवरासारखे बेशिस्त पट्टे दिसतात, आणि ते जाळीने नव्हे तर स्पंजच्या तुकड्याने काढावे लागतात. २०२३ सालच्या मर्सिडीजच्या डब्ल्यू१४ या फॉर्म्युला वन मोटारीवर वजन वाचवण्यासाठी बराचसा पृष्ठभाग उघड्या कार्बनचा ठेवला होता आणि उरलेला मॅट काळा होता, तरी थोड्या अंतरावरून ती सरसकट काळीच दिसे. अशा मोटारीच्या १:२० च्या प्रतिकृतीला अर्धवट चकाकीच्या काळ्या रंगाचे दोन नीट थर पुरेसे आहेत, आणि जाळी खणातच राहिलेली बरी.