पंप मजुराच्या पाठीवर, कायदा शेतकऱ्याच्या मानेवर

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



मेळावा म्हटला की भावाबद्दल बोलायचे, अशी आपली रीत. आज मी विम्याच्या हप्त्याबद्दल बोलणार आहे. पिकाच्या नव्हे, माणसाच्या. कुरबुर करू नका, शेवटी गाडी भावावरच येते.

आपण स्वतःला कधी मालक समजत नाही. सात एकर कोरडवाहू वावर, त्यात पऱ्हाटी आणि ज्वारी, सोसायटीचे कर्ज थकलेले. हा कसला मालक? पण कायद्याच्या पुस्तकात तुम्ही मालकच. कामगार नुकसानभरपाईचा कायदा इंग्रजांनी १९२३ साली केला आणि १ जुलै १९२४ पासून लागू केला. त्यांच्या नजरेपुढे कारखाने, खाणी, रेल्वे होती. पुढे त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत एकेक काम वाढत गेले आणि शेतीचीही काही कामे आली: ट्रॅक्टरची शेती, यंत्राने कापणी-मळणी, कीटकनाशकांची फवारणी आणि धुरळणी. विळ्याने निंदणारी बाई त्यात नाही, कापूस वेचणारी नाही. पाठीवर पंप घेतलेला गडी आहे, ज्वारीच्या थ्रेशरमध्ये कणसे सारणारा आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हिने घेतली. नुकसानभरपाईचे प्रकरण तिच्यातही आहेच.

आता फवारताना गडी दगावला तर काय? हिशेब मांडू. मासिक मजुरीची निम्मी रक्कम घ्यायची आणि वयाप्रमाणे ठरवून दिलेल्या आकड्याने गुणायची. तीस वर्षांच्या माणसासाठी तो आकडा २०७.९८. मजुरी महिना ९,००० धरा. ४,५०० गुणिले २०७.९८ म्हणजे ९ लाख ३५ हजार ९१० रुपये. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० होता. त्या भावाने हे सुमारे ११५ क्विंटल होतात. एकरी पाच क्विंटल पिकला तर २३ एकरांचा सगळा कापूस, आणि तोही खर्च न काढता! "गड्याने तोंडाला फडकेच बांधले नव्हते," ही सबब १९२३ च्या कायद्याने मृत्यूच्या प्रकरणात मालकाला ठेवली नव्हती. वसुली कशी? त्याच कायद्याच्या ३१ व्या कलमाप्रमाणे, जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी. त्याचा अर्थ वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला फोडून सांगायला नको.

मजुराच्या बायकोला हे पैसे मिळू नयेत असे मी म्हणत नाही. मिळालेच पाहिजेत. २०१७ च्या फवारणीत शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली, शेकडो दवाखान्यात पडली. त्यांत शेतकरी होते तसे मजूरही होते. विषाला सातबारा वाचता येत नाही. सरकारला येतो. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना आहे. पूर्वी ती विमा कंपनीमार्फत चाले, २०२३ पासून सरकार थेट सानुग्रह अनुदान देते. मृत्यू झाल्यास दोन लाख. फवारणीची विषबाधा तिच्यात बसते. पण ती खातेदार शेतकऱ्याला आणि त्याच्या घरातल्या एका माणसाला. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, तो मजूर बाहेर. त्याची सारी भिस्त तुमच्यावर, आणि तुमची कशावर?

भोपाळला १९८४ मध्ये कीटकनाशकाच्याच कारखान्यातून वायू सुटला. त्यानंतर १९९१ साली लोकदायित्व विमा कायदा आला. घातक रसायने ठरावीक मर्यादेबाहेर बाळगणाऱ्या कारखान्याला विमा सक्तीचा झाला, आणि हप्त्याएवढी आणखी रक्कम सरकारी निधीत भरणे आले. म्हणजे विष इंडियाच्या टाकीत असते तोवर त्याला विम्याचे कवच. तेच विष बाटलीतून भारताच्या पंपात उतरले की कवच गळाले!

विमा कंपन्यांची मालकांसाठी पॉलिसी आहे. पण तिचा हप्ता ठरतो मजुरांची संख्या, काम आणि वर्षाची मजुरी यांवर. आपला सालदार सोडला तर बाकीचे आज माझ्या वावरात, उद्या तुमच्या. मेळघाटातून आलेली टोळी चार दिवसांनी पुढच्या गावाला. कोणाचे नाव लिहायचे? आणि लिहिले, हप्ता भरला, तरी तो वसूल कोणाकडून करायचा? जिनिंगवाला आपला हप्ता गठाणीच्या खर्चात घालतो आणि तेवढा भाव आपल्याला पाडून देतो. शेतकऱ्याच्या खाली कोणी नाही.

म्हणून मागणी दोनच गोष्टींची. फवारणाऱ्या माणसाच्या विम्याचा हप्ता विष बनवणाऱ्या कंपनीने भरावा. मजूर कोणाच्याही वावरात असो, विमा त्याच्यासोबत फिरावा. आणि थ्रेशर, ट्रॅक्टरवरच्या गड्याचा जो हप्ता आपल्या अंगावर येईल, तो हमीभाव ठरवताना उत्पादन खर्चात धरावा. यासाठी नवा इन्स्पेक्टर नको. एक इन्स्पेक्टर वाढला की त्याचाही हप्ता सुरू होतो, आणि त्याची पावती मिळत नाही.

तोवर गावातल्या दहा-वीस जणांनी मिळून कंपनीकडे एकत्र पॉलिसी मागून पाहावी. मजुरीचा आकडा खरा लिहा; हप्ता वाचवायला कमी लिहिलात तर भरपाईच्या वेळी वाद होईल. आणि अर्जात "शेतीकाम" एवढेच मोघम लिहू देऊ नका. "कीटकनाशक फवारणी" आणि "थ्रेशरवरील काम" हे शब्द पॉलिसीत छापलेले आहेत का, ते एजंटासमोर वाचून पाहा, मगच पैसे मोजा.