वारसा नोकरीचा की विद्येचा?
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



2 फेब्रुवारी 1955 रोजी भारत-सोव्हिएत करार झाला आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. आमची वडील मंडळी गाव सोडून येथे आली, ती ना रशियन जाणत होती ना पोलाद. रशियन तज्ज्ञांच्या शेजारी उभे राहून, तापल्या रसाचा रंग पाहून ती भट्टीची नाडी ओळखावयास शिकली. त्या विद्येवर सेक्टर 2 मधील आमचे संसार उभे राहिले.

'बाप कारखान्यात, तसा मुलगाही' ही समजूत मात्र आम्हीच जोपासली. आज ती खरी उरलेली नाही. 2018 साली पेटलेली 'महामाया' ही आठवी भट्टी दिवसाला सुमारे आठ हजार टन लोखंड देऊ शकते. तिची नाडी पडद्यावर उमटते. कायम नोकऱ्या घटल्या, कंत्राटी कामे वाढली. मुले पुण्या-बंगळुरास निघाली की आम्ही हळहळतो. पण गाव सोडून नवी विद्या शिकणे, हीच तर या घराची रीत!

म्हणून आमची विनंती एवढीच : मंडळाच्या वास्तूत आठवड्यातून एक संध्याकाळ निवृत्तांनी भट्टीचे अनुभव सांगावेत आणि मुलांनी आम्हांस संगणक शिकवावा. पुन्हा विद्यार्थी होण्याची आम्हांस लाज वाटू नये.