मायकेल जॉर्डनचं सत्तावन्न नंबरचं कार्ड

अमेरिकेत आवडत्या खेळाडूंची छापील कार्डं जमवण्याचा छंद फार जुना आहे. बास्केटबॉलमधलं सर्वांत गाजलेलं कार्ड म्हणजे मायकेल जॉर्डनचं, फ्लीअर कंपनीनं १९८६ साली छापलेलं.

जॉर्डन १९८४ मध्ये शिकागो बुल्स संघात आला. त्या वेळी बास्केटबॉलच्या कार्डांना फारशी मागणी नव्हती. टॉप्स या मोठ्या कंपनीनं तर १९८१-८२ च्या हंगामानंतर ती छापणंच थांबवलं होतं. अशा काळात, १९८६ मध्ये, फ्लीअरनं १३२ कार्डांचा संच काढला. त्यात ५७व्या क्रमांकावर बास्केटकडे झेपावणारा जॉर्डन होता. पाकिटात कार्डांसोबत एक स्टिकर आणि च्युइंगगमही मिळायचं.

मुलांनी ती कार्डं मनसोक्त हाताळली, म्हणून निर्दोष प्रती दुर्मीळ झाल्या. कोपरे टोकदार आहेत का, चित्र बरोबर मध्यभागी आहे का, रंगीत कडा कुठे उडाल्यात का, हे पाहून तज्ज्ञ १ ते १० अशी श्रेणी देतात. १० श्रेणीची एक प्रत जानेवारी २०२१ मध्ये ७ लाख ३८ हजार डॉलरना विकली गेली. साहजिकच या कार्डाच्या नकलाही पुष्कळ आहेत. तपासणी झाल्याशिवाय महागडं कार्ड घेऊ नये.

कार्ड नेहमी कडांना धरावं, आधी मऊ आणि मग कडक प्लास्टिकच्या पाकिटात घालावं, ऊन आणि दमट हवेपासून जपावं. आणि निवड करताना भावापेक्षा खेळाडूवरचं प्रेम मोठं मानावं. त्यातूनच हा छंद आयुष्यभर आनंद देतो.