‘संवेदनशील’ हे विशेषण परत करा

सालवड-बोईसरकरांनो,

साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाला माइक एकदाच मिळतो. त्यामुळे गोड बोलण्याचं काम उद्घाटकांनी उरकलंय असं धरून मी थेट भांडणावर येतो.

आपली निमंत्रणपत्रिका वाचली. कवी संवेदनशील, कथाकार संवेदनशील, आभार मानणारेही संवेदनशील. मी तेवढा नुसताच अध्यक्ष! या भांडणाचा इतिहास तुम्हाला पाठ आहे. एमआयडीसीतल्या रात्रपाळीवरची माझी कथा एका मासिकाने ‘संवेदनशीलतेचा अभाव’ असा शेरा मारून परत पाठवली. त्याच अंकात सूर्यास्तावरच्या कविता ओळीने छापल्या होत्या. ते मासिक केव्हाच बंद पडलं. माझा राग चालू आहे.

संवेदनाचं मूळ ‘विद्’, म्हणजे जाणणं. डोळे ओले व्हायचे ते नंतर. आधी समोर काय चाललंय ते कळायला हवं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषण निर्देशांकात आपलं तारापूर औद्योगिक क्षेत्र ९३.६९ गुणांनी देशात पहिलं आलं. दहावीत पहिल्या आलेल्या पोराचा आपण हारतुऱ्यांनी सत्कार करतो. या पहिल्या नंबरावर किती कविता आल्या? या प्रदूषणाविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली ती अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने. २०२२ मध्ये लवादाने शंभराहून अधिक कारखान्यांना मिळून सुमारे १६० कोटी भरायला सांगितले. त्या अर्जदारांना कोणी संवेदनशील म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही. आपल्या साहित्य शाखेने तेव्हा काय केलं, हे विचारू नका. आपलीच माणसं आहेत, कामात होती. पण वेगळी चूल मांडून निसर्गकवितेचे मेळावे भरवणाऱ्यांनी मागच्या फलकावर प्रायोजक कोण असतात, ते सांगावं. नावं घेत नाही. तिसऱ्या रांगेत बसलेत.

सरकारी संवेदनशीलताही पाहा. शेजारचा डहाणू तालुका १९९१ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला. न्या. चंद्रशेखर धर्माधिकारींच्या प्राधिकरणाने १९९८ मध्ये तिथलं वाढवण बंदर नाकारलं. २०२३ मध्ये, धर्माधिकारी हयात नसताना, त्याच प्राधिकरणाने होकार दिला. ३० ऑगस्ट २०२४ ला पायाभरणीही झाली. तालुका तोच, समुद्र तोच. शब्द तेवढा सैल पडला.

माझी आजी मासळी विकायची. ‘संवेदनशील’ हा शब्द तिने कधी ऐकला नसेल. मासा हातात घेऊन तो खाडीचा की बाहेरच्या पाण्यातला, हे ती सांगायची. एका वर्षी म्हणाली, “याला औषधाचा वास येतो.” घरात सगळे हसले. प्रदूषणाचे अहवाल पुढे कितीतरी वर्षांनी आले. वाऱ्याला, भरतीला, माशाच्या पिलांना तिच्याकडे वेगवेगळी मांगेली नावं होती. त्यांतली निम्मी आज माझ्या घरातच कोणाला येत नाहीत, आणि आपण परिसंवाद घेतो ‘बोली आणि संवेदना’!

भात लावणाऱ्यांना सांगायला नको: हळवं लवकर पिकतं, गरवं पाण्यात उभं राहून दाणा भरतं. आपल्या साहित्यात सगळंच हळवं पिकायला लागलंय.

म्हणून अध्यक्ष या नात्याने मागतो. पुढच्या पत्रिकेत कोणाच्याही नावाआधी हे विशेषण नको. स्मरणिकेतली शुभेच्छांची पानं काढा; तिथे मांगेली, वाडवळी आणि वारलीतले माशांचे, वाऱ्याचे, वासाचे शब्द छापा. दांडी-नवापूरला जाऊन म्हाताऱ्यांकडून ते लिहून आणा. छपाईसाठी कारखानदारांच्या दारात जाऊ नका, माझं मानधन घ्या. ते अजून मिळालेलं नाही; कोषाध्यक्षांनी नोंद घ्यावी.