फातिमाची वाट
(शताब्दी सोहळ्यातील मनोगत)

 

दिंडीला शंभर वर्षं झाली, चार शब्द बोला, असं चालकांनी सांगितलं. आमचं शिक्षण चौथी. पाठीशी टाळकरी नसले की आम्हाला बोलायचं अवघड जातं. पण एक गोष्ट मनात राहिली आहे. ती परमुलखातली आहे, तरी तिचं दुसरं टोक आपल्याच दिंडीत आहे.

आमचे चिरंजीव पोर्तुगाल देशात लिस्बन शहरी नोकरीला आहेत. दोन सालांमागं मे महिन्यात त्यांनी आम्हा दोघांना तिकडं नेलं. शेजारी गोव्याच्या एक ताई राहतात, ख्रिस्ती आहेत, मराठी चांगलं बोलतात. त्या म्हणाल्या, "बाबा, 13 मेला आमची जत्रा असते फातिमाला. लोक चालत येतात. तुम्ही वारकरी, तुम्हाला बघायला आवडेल." सौभाग्यवती लगेच तयार झाल्या. आमचं मन कचरत होतं. गळ्यात तुळशीची माळ, आपण तिथं कशाला, असं वाटलं. पण गेलो.

फातिमा लिस्बनहून सव्वाशे किलोमीटर आहे. आम्ही मोटारीनं निघालो आणि रस्त्याच्या कडेनं माणसं दिसू लागली. अंगात चमकणारी पिवळी जाकिटं, हातात काठी, एकामागं एक. मागं सामानाची गाडी. कुणी चार दिवस चालतं, कुणी आठवडा. काही लंगडत होते. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, ह्या तर दिंड्या."

ताईंनी वाटेत हकिकत सांगितली. 1917 साली मेंढरं राखणाऱ्या तीन पोरांना तिथं देवमाता मेरीचं दर्शन झालं, असं ते लोक मानतात. थोरली लुसिया 10 वर्षांची, बाकीची दोघं, फ्रान्सिस्को आणि जासिंता, तिची चुलत-आते भावंडं. एक ऑगस्ट सोडला तर दर महिन्याच्या 13 तारखेला, मेपासून ऑक्टोबरपर्यंत ते चाललं. ती जमीन लुसियाच्याच घरची. माणसं लोटली आणि पीक पायाखाली गेलं. आम्ही शेतकरी, आम्हाला त्या बापाचं वाईट वाटलं. धाकटी दोघं पुढं 1919 आणि 1920 साली साथीच्या तापापायी गेली. आपल्याकडं जिला मानमोडी म्हणत तीच ही साथ. ज्या झाडापाशी दर्शन झालं म्हणतात, तिथं 1919 साली लहानसं देऊळ उभं राहिलं. म्हंजे ती वाट आपल्या दिंडीएवढीच जुनी.

12 तारखेची रात्र आम्ही विसरणार नाही. भलंमोठं पटांगण, त्यात माणूस मावेना. प्रत्येकाच्या हातात मेणबत्ती, ज्योतीभोवती कागदाचा आडोसा. ते माळ ओढत प्रार्थना म्हणत होते. मग गाणं सुरू झालं. ध्रुपद आलं की सगळे एकदम मेणबत्त्या वर करायचे, जसे आपले टाळकरी टाळ उंच धरतात. भाषा कळत नव्हती, पण ठेका कळत होता.

एका बाजूला लोक मेणाचे हात, पाय, लहान बाळं विस्तवाला वाहत होते. ताई म्हणाल्या, "वांद्र्याच्या मोतमाउलीला वाहतात तसंच. नवसाचं आहे." पटांगणात एक गुळगुळीत पट्टी आहे, त्या देवळापर्यंत उतरत जाते. त्या पट्टीवरून माणसं गुडघ्यांवर चालत होती. आमच्या कपाळाला आठी पडली. आपल्या संप्रदायाला देहदंड मान्य नाही. तुकोबारायांनी नवसाच्या भक्तीला चांगलंच हाणलंय. आम्हीही कीर्तनात हाणत आलो.

एक बाई चालली होती, असेल पस्तिशीची. नवऱ्यानं हात धरला होता. गुडघ्याला कापड बांधलेलं, ते फाटलं होतं. आम्ही ताईंना म्हणालो, "विचारा तरी, काय मिळालं म्हणून एवढं करतेय?" ताई म्हणाल्या, "तिला आत्ता नको." नंतर नवरा पाणी आणायला आला तेव्हा त्यांनी हळूच विचारलं. तो बोलला, ताई गप्प झाल्या. मग आम्हाला म्हणाल्या, "मुलगी जगावी म्हणून बोलली होती. मुलगी गेली. पण शब्द दिला होता म्हणून आलीय."

माउली, आमच्या तोंडून शब्द फुटेना. मिळालं काहीच नाही आणि देणं चुकवायला आली. याला सौदा कसं म्हणायचं?

तिथंच आम्हाला आपल्या दिंडीतले एक गृहस्थ आठवले. बारा सालांमागं लोणंदच्या मुक्कामात आमचं कीर्तन होतं. ते गृहस्थ पोराच्या आजारपणासाठी अनवाणी चालत होते, हे आम्हाला ठाऊक होतं. नवसावर बोलता बोलता आम्ही त्यांच्याकडं बघून म्हणालो, "काही जण पांडुरंगाशी बाजार करायला येतात." मंडळी हसली. ते खाली मान घालून बसले. पुढच्या साली ते दिंडीत दिसले नाहीत. आम्ही म्हणालो, काम झालं नसेल, सोडली वारी.

दुसऱ्या दिवशी दुपारी मेरीची मूर्ती पुन्हा त्या लहान देवळात नेली. तेव्हा सगळ्या पटांगणानं पांढरे रुमाल हलवून निरोप दिला. माणसं रडत होती. सौभाग्यवतींनी पदराचं टोक हलवलं. म्हणाल्या, "काला झाला की पंढरी सोडताना असंच होतं हो." आम्हीही हात जोडले. माळ गळ्यातच होती, मनात पांडुरंगच होता. काही बिघडलं नाही.

घरी आल्यावर पेरणीच्या आधी आम्ही त्या गृहस्थांच्या गावी गेलो. ओसरीवर पाया पडायला वाकलो, त्यांनी वाकू दिलं नाही. पोरगं अजून अंथरुणावरच आहे. आम्ही म्हणालो, "आमचं चुकलं. तुम्ही वारी सोडलीत ती आमच्यापायी." ते म्हणाले, "महाराज, वारी नाही सोडली. तुमची दिंडी सोडली. दर साली मागच्या दिंडीतनं चालतो."

नवसाबद्दलचं आमचं मत आजही तेच आहे. संतांनी सांगितलं ते आम्ही सांगत राहणार. पण ते सांगायचं गादीवरून सगळ्यांना. चालणाऱ्या एकट्या माणसाच्या तोंडावर फेकायचं नाही. तो कशासाठी चालतोय हे मोजायचा काटा आपल्या हाती दिलेला नाही.

आता मागणं एकच. फातिमाला एके ठिकाणी सेवेकरी चालून आलेल्यांचे पाय धुतात, फोडांना औषध लावतात, पट्टी बांधतात. आपल्या दिंडीतही अशी सेवा होते, पण ज्याला जमेल तशी. शंभराव्या वर्षापासून प्रत्येक मुक्कामी त्यासाठी एक वेगळं पाल असावं. गरम पाणी, मीठ, मलम, स्वच्छ कापड एवढं पुरे. खर्चाचा पहिला वाटा आमचा, आणि पहिल्या मुक्कामी पाय धुवायला आम्ही बसू. तिथं येणाऱ्याला कुठं दुखतंय एवढंच विचारायचं. कशासाठी चाललात, हे विचारायचं नाही.

त्या गृहस्थांना आम्ही यंदा आपल्या दिंडीत या म्हणालो. ते "बघू" म्हणाले. आज मंडपात मागच्या बाजूला बसलेत. त्यांना कुणी वळून बघू नका, एवढी विनंती.

रामकृष्णहरी.